आंबेनळीच्या पायथ्याची राई

अब्बा, काल आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्या गावात ग्रामसभा होती आणि तुमची फार आठवण आली. मी आता नाते गावच्या शाळेत शिकवते, सुट्टीला गावोगाव हिंडून देवरायांची नोंद करते. पोलादपूरपासून नातेपर्यंतच्या देवराया, लेण्यांचा डोंगर, आपल्या कबरस्तानातले वड, सगळं एका साखळीत राखायचं असं काही गावांनी मिळून ठरवलंय. पक्षी एका राईतलं फळ खातो आणि बी दुसऱ्या राईत टाकतो. मधली राई गेली की पुढचीही हळूहळू विरळ होते.

हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी कॉलेजात होते तेव्हा याच गावात देवीच्या नव्या सभामंडपासाठी राईतली झाडं विकायची ठरली होती आणि लाकूड न्यायला कंत्राटदारानं तुमचा ट्रक बोलावला होता. तिथून मला महाडला कॉलेजात सोडणार होतात, म्हणून मी केबिनमध्ये. पहिल्याच झाडाखाली तुम्ही वर पाहिलंत आणि थबकलात. उंच ढोलीचं तोंड लिंपलेलं, फटीतून फक्त चोच बाहेर. आत धनेश पक्ष्याची मादी, पिल्लांसाठी स्वतःला कोंडून घेतलेली.

"आत पिल्लं हायत. झाड पाडू नका."

कंत्राटदार हसला. "तुमचा देव हाय काय तो?"

"नाय. तुमचा हाय. म्हणून तर सांगतोय."

तो दुसरी गाडी आणायला निघाला, तसा तुम्ही ट्रक राईच्या एकुलत्या वाटेवर आडवा लावलात, किल्ली खिशात टाकलीत आणि सावलीत जाऊन बसलात. मी चिडून म्हणाले, "गाव त्यांचं, देवी त्यांची, आपल्याला काय करायचंय?" तुम्ही एवढंच म्हणालात, "शिकतेस ना गो? मग असं बोलू नको." दुपारी देवीची पूजा करणारा म्हातारा गुरव भाकरी घेऊन आला आणि तुमच्याशेजारी बसला. मग एकेक करत आणखी माणसं येऊन बसली. संध्याकाळी गावानं ठरवलं, पिल्लं उडेपर्यंत कुऱ्हाड नाही. पिल्लं उडाली, पाऊस लागला, आणि झाडं तोडायचा विषय पुन्हा कुणी काढलाच नाही. त्या कंत्राटदारानं तुम्हाला परत कधी बोलावलं नाही, आणि तुम्ही ते घरात कधी बोलून दाखवलं नाहीत.

काल ही राई साखळीच्या यादीत घ्यायची तर इथे बी पसरवणारा धनेश असायला हवा, असा विषय निघाला, तेव्हा मुंबईहून आलेल्या एकानं विचारलं, "इथे धनेश होता, याला प्रूफ काय?" मी उठून म्हणाले, "मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय." हात वर झाले. राई यादीत आली.

हे मी कुणाला सांगणार नाही, या कागदावरच ठेवते. त्या दिवशी तुम्ही ढोलीकडे बोट दाखवून विचारलंत, "दिसली?" मी रागानं घड्याळाकडे बघत होते. "दिसली," म्हणाले. अब्बा, मला काहीच दिसलं नव्हतं.