पहिलं नाव कुणाचं

शुक्रवार, ४ सप्टेंबर १९९८
बास्केटबॉलच्या नवीन पोरांची चाचणी झाली. सकाळी सातला सुरू केली तरी ग्राउंड तापलेलं, आणि दुबईच्या जबल अलीची ती चिकट हवा. चेंडू हातातून सटकत होता. एकूण चौदा पोरं, त्यांत आमचा निखिल. मी टेबलाशी, नेहमीप्रमाणे स्कोअर लिहायला. कंपनीच्या टीमचा स्कोअर नऊ वर्षं लिहितोय. आजच्यासारखा घाम कधी आला नव्हता.

निखिलचा शॉट सुंदर. मनगट अगदी मी शिकवलं तसं. पण पाय जड. दोनदा माणूस त्याच्या शेजारून निघून गेला, हा वळेपर्यंत तिकडे बास्केट.

एक फिलिपिनो पोट्टा आहे, जोएल. मावशीकडे व्हिजिट व्हिसावर आलाय. उंची बेताचीच, पण चेंडू त्याच्या हाताला जणू बांधलेला. बघतच राहिलो.

येताना निखिल म्हणाला, "हाउ वॉज आय, बाबा?"
म्हटलं, चांगला.
"चांगला म्हणजे?"
रस्त्याकडे बघत गाडी चालवली.

रविवार, ६ सप्टें.
सावंत म्हणजे आमचा ड्रायव्हर, रोज भाजी मार्केटला गाडी नेतो. बास्केटबॉलचं वेड यंदाच लागलंय. कॅन्टीनमध्ये त्याला परत समजावलं. लीगमध्ये सहा कंपन्यांच्या सहा टीम. नवीन पोरं कुणी परस्पर घ्यायची नाहीत. एक यादी असते, गेल्या वर्षी जी टीम शेवटची ती पहिलं नाव घेणार. मग बाकीच्या, एकेक. प्रत्येक टीमला एकच नवा पोरगा.

"म्हणजे पहिलं नाव आपलं?"
"आपण शेवटचे होतो ना."
"आणि निवडला त्याला कंपनी नोकरी देणार?"
"स्टोअरमध्ये. व्हिसासकट."
"मग साहेब, निखिलला घ्यायचं! एवढी चर्चा कसली?"

हसलो. चर्चा कसली ते मला ठाऊक. जुलैत निखिलला अठरा झाली. बारावीत मार्क्स कमी पडले, इथे कुठे ॲडमिशन नाही. शिकत नसेल तर माझ्या व्हिसावर राहता येत नाही. ऑक्टोबरअखेर खलास. तीन वर्षांचा होता आला तेव्हा. नागपूर त्याला सुट्टीपुरतं माहीत.

मंगळवार, ८ सप्टें.
कॅन्टीनमध्ये भांडणं रंगात. आम्ही सातजण दर शुक्रवारी न चुकता मॅचला जाणारे, म्हणून टीमचा मॅनेजर इंजिनिअर समीर (इजिप्तचा, सरळ माणूस) दरवर्षी आम्हाला विचारतो आणि बहुतेक तेच नाव घेतो.

वर्गीस, सेफ्टीवाला, जोएलच्या बाजूने. "शूटर तीन हैं अपने पास. बॉल ऊपर कौन लाएगा? पिछले साल हम इसी में मर गया."
बरोबर आहे त्याचं. शब्दन् शब्द बरोबर.

गंमत म्हणजे दांते, क्रेनवाला, स्वतः फिलिपिनो, तो निखिलच्या बाजूने. "जोएल मेरे देश का है, काळे साब. अच्छा खेलता है. लेकिन निखिल को मैंने इतना-सा देखा है." हात गुडघ्याशी धरून दाखवला.

मॅनेजमेंटचा फोन आल्याचं निमित्त करून उठलो.

बुधवार, ९ सप्टें.
मीनाने डबा भरता भरता विषय काढला.
"तुम्हाला विचारलं तर निखिलचं नाव घ्या."
"मला कोण विचारतंय."
"विचारलं तर म्हणतेय मी."
"बघू."
"बघू नाही हं. अहो, तिकडे जाऊन करणार काय तो? मराठी धड वाचता येत नाही त्याला."

निखिल खाली पार्किंगमध्ये चेंडू आपटत होता. डावा हात, फक्त डावा हात. मी चाचणीच्या दुसऱ्या दिवशी एवढंच बोललो होतो, डावा कच्चा आहे. वॉचमन ओरडेपर्यंत थांबला नाही.

गुरुवार, १० सप्टें.
लिहायचं की नाही. लिहितो.

समीर चहाचा ग्लास घेऊन आमच्या टेबलाशी आला. "यल्ला, वन नेम." हात वर करून मोजलं. तीन निखिल, तीन जोएल. मी हात वर केला नव्हता. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सावंत म्हणाला, "साहेब, तुम्ही बोलूच नका. समजलं आम्हाला. निखिल." वर्गीससुद्धा खाली बघून हसला. म्हणाला, ठीक है, काळे साब का बेटा, घर का बच्चा.

झालं होतं. मी नुसतं गप्प बसायचं होतं.

समीर म्हणाला, "मिस्टर काळे? यू टीच्ड हिम. टेल मी."

जोएल म्हणालो.

समीरने दोनदा विचारलं, शुअर? दुसऱ्यांदाही हो म्हणालो. दांते उठून गेला. मीनाला सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ११ सप्टें.
आज नावं घ्यायची होती. निखिल पांढरा शर्ट घालून आला, स्वतः इस्त्री केलेला. दुसऱ्या रांगेत बसला.

पहिलं नाव जोएल. निखिलने टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, मनापासून. मग माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे ठीक आहे, अजून पाच टीम आहेत.

मलाही तेच वाटत होतं. खोटं का लिहू, त्याच भरवशावर होतो. कुणीतरी घेईल. एवढा शॉट आहे. दुसऱ्या टीमने उंच सुदानी घेतला. तिसऱ्याने आणखी एक उंच. चौथ्याने निखिलच्या शेजारचा मुलगा घेतला, तो उठला तेव्हा निखिलने पाय बाजूला घेऊन त्याला वाट दिली. पाचवी. सहावीचा कोच यादीवर बोट फिरवत होता, बोट निखिलच्या नावाशी थांबलं. मी टेबलाजवळून पाहिलं, नक्की थांबलं. मग खाली गेलं.

घरी मीनाने दार उघडलं. शिरा केला होता, तो तसाच झाकलेला राहिला.

रविवार, १३ सप्टें.
कळलं त्याला.

सावंत भाजी द्यायला आला होता. बिचाऱ्याच्या मनात काही नाही. पोराचं सांत्वन म्हणून म्हणाला, "तुझ्या बाबांसारखा खरा माणूस नाही बघ. स्वतःच्या मुलाचं पण नाव घेतलं नाही."

सावंत गेल्यावर निखिल माझ्यासमोर येऊन उभा राहिला.
"जस्ट टेल मी, बाबा. दे आस्क्ड यू?"
हो म्हटलं.
"अँड यू सेड जोएल."
"टीमला बॉल वर आणणारा गार्ड हवा होता, निखिल. तुझे पाय अजून..."
"आय नो माय फीट."

मग मराठीत म्हणाला, "तुम्ही गप्प बसू शकला असतात."

मीना स्वयंपाकघराच्या दारात. तिला तिथेच, तसंच कळलं.

गुरुवार, १७ सप्टें.
मीना माझ्याशी कामापुरतं बोलते. गॅस संपला. दूध आणा. आज एकदाच, भांडी लावताना, माझ्याकडे पाठ करून: "तो जोएल तुमचा कोण लागतो?"

जोएलचाही व्हिजिट व्हिसा संपत होता. त्याची मावशी कुठल्याशा घरी मुलं सांभाळते. हे मी मीनाला सांगितलं. म्हणाली, "त्याच्यासाठी बोलायला त्याची मावशी होती."

शनिवार, ३ ऑक्टोबर
तिकीट काढलं. मीनाच्या भावाकडे, नागपूरला. तिथे कॉलेजात बी.कॉम.ला घेताहेत, उशिरा का होईना.

दांते दिसला. लांबून हात केला, जवळ आला नाही.

सारखं डोक्यात येतं. खरं बोललो, की माझं नाव राखलं? काळे म्हणजे सरळ माणूस, काळेंचा स्कोअर म्हणजे देवाचा शब्द, असं गेली नऊ वर्षं ऐकतोय. आवडतं ऐकायला. त्या टेबलाशी निखिल म्हणालो असतो तर लोक काय म्हणाले असते? काहीच नाही. उलट खूश झाले असते. मग कुणासाठी?

मंगळवार, २० ऑक्टो.
दिवाळी. मीनाने चकल्या केल्या, निम्म्या त्याच्या बॅगेत. निखिलने पाया पडताना आधी तिच्या, मग माझ्या. माझ्या पायांना हात लागला नाही, वरूनच.

शनिवार, २४ ऑक्टो.
दुपारचं विमान. एअरपोर्टवर आईला घट्ट मिठी. मला "बाय, बाबा." मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. "मामा करेल." आत गेला. काचेपलीकडे रांगेत बराच वेळ दिसत होता, उंच आहे ना. वळला नाही. मीनाने गाडीत ओढणी तोंडावर घेतली, शारजाला घर येईपर्यंत काढली नाही.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर
लीग सुरू. पहिलीच मॅच जिंकलो. किती वर्षांनी! जोएल काय खेळला! बॉल वर आणणं, वाट काढणं, शेवटच्या मिनिटात अख्खी मॅच एकट्याने सांभाळली. लोक टेबलाशी येऊन मला मिठ्या मारतात. समीर म्हणाला, "मिस्टर काळे, युअर आय, हबीबी!" वर्गीसने खांद्यावर उचलायचं बाकी ठेवलं.

जोएल आला, वाकून "थँक यू, सर" म्हणाला. त्याला कुणी सांगितलंय वाटतं. वीस वर्षांचा. दात किडलेला एक. मला त्याचा राग आला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २७ नोव्हें.
सलग चौथी. दांते आज प्रथमच माझ्या शेजारी बसला. मग म्हणाला, "काळे साब, एक बात. ट्रायल के दिन जोएल के हाथ से चार बार बॉल गया था. मैं गिन रहा था. आपने कितना लिखा?"
म्हटलं, झाल्या तेवढ्याच लिहिल्या असतील.
"ठीक है," म्हणाला.

घरी येऊन त्या दिवसाचा कागद काढला. निखिलच्या चुका सात. मिनिटासकट. कुठल्या पायावर होता तेही लिहिलंय. जोएलची एक.

बघत राहिलो होतो म्हणे मी. लिहायचं विसरून.

दांतेशी खोटं बोललो असं नाही. पण स्वतःच्या पोराच्या वेळी पेन एकदाही थांबलं नाही.

तरी जोएल चांगलाच आहे. चार काय, दहा चुका लिहिल्या असत्या तरी. हे रोज ग्राउंडवर दिसतंय. मग आता मी काय शोधतोय?

रविवार, १३ डिसें.
मेव्हण्याचा फोन. निखिल कॉलेजला जातो, येतो, खोलीत बसतो. गल्लीतल्या पोरांनी खेळायला बोलावलं, समोरच ग्राउंड आहे, गेला नाही. "जावईबापू, पोरगा गुणी आहे हो. पण घरात कुणी पाहुणा उतरावा तसा राहतो."
फोन द्या म्हटलं. आंघोळीला गेलाय म्हणाले. गेल्या वेळीही आंघोळीलाच होता.

शुक्रवार, ८ जानेवारी १९९९
रमजान, लीग बंद. सकाळी घरीच. फोन लावला आणि निखिलनेच उचलला. मामाचा असेल असं वाटलं असावं.

"हॅलो?"
"मी बोलतोय."
ठेवला नाही त्याने. म्हटलं, थंडी आहे का? आहे म्हणाला. स्वेटर? आहे. जेवण? आहे. मग तोच म्हणाला, मराठीत, आता बऱ्यापैकी बोलायला लागलाय, "बाबा, मी दुसऱ्या कुणाचा मुलगा असतो ना, तर माझं नाव घेतलं असतंत?"

मीना समोर बसली होती. म्हटलं आता सांगायचं. सगळं सांगितलं. तो कागद. सात आणि एक. म्हटलं, तुझं सगळं लिहिलं मी निखिल, त्याचं नाही लिहिलं. म्हटलं, चुकलं माझं.

मग, "सो?"

"सो म्हणजे..."
"सो व्हॉट डू आय डू विथ दॅट, बाबा?"

चिडून नाही म्हणाला. खरंच विचारत होता. माझ्याकडे उत्तर असावं म्हणून थांबलासुद्धा. लहानपणी पाय कसे टाकायचे ते विचारायचा, तेव्हा उठून दाखवता यायचं.

मागून मामीने हाक मारली. निखिल म्हणाला, "एक मिनिट." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. आपटला नाही, ठेवला. मग पावलं. कुकरची शिट्टी. कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.

मीनाला खुणेने विचारलं, घेतेस? तिने फोन घेतला. दहा मिनिटं होऊन गेली, निखिल परत आलेला नाही. मी इथे लिहितोय, ती तशीच बसलीय, फोन कानाशी, दुसरा कान हाताने झाकून. मधेच कानावरचा हात काढून मला गप्प राहा म्हणून खुणावते, मी बोलत नसताना.