विमानावरचा तांबडा गोल

अप्पा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझं वय तुमच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त आहे. थोरल्यानं धाकट्याला लिहावं तसं हे होतंय, तरी मी तुम्हाला ‘तुम्ही’च म्हणणार. लग्न होऊन कुंभकोणमहून पुण्याला आले तेव्हा आपलं तिकडचं जुन्या वळणाचं मराठी ऐकायला शेजारणी मला मुद्दाम बोलायला लावायच्या आणि तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हणायच्या, ही कुठल्या जुन्या बखरीतून उठून आली! मला संताप यायचा. मग आठवायचं, की हसून एखाद्याला गप्प कसं करायचं ते मलाही येतं, आणि ते मी कुणावर करून बसले आहे. एवढं आठवलं की संताप जिरायचा आणि मी मुकाट्यानं भाजी चिरायला घ्यायची.

तुमचा तो फोटो समोर घेऊन बसले आहे. तळहाताएवढा, कोपरे पिवळे पडलेले. युद्धाच्या काळात कोइमतूरच्या बाजूला इंग्रजी आरमाराची विमानं दुरुस्तीला येत, तिथं तुम्ही रंगारी होता. विमानांवरचे आकडे, अक्षरं आणि कुणाचं विमान ते सांगणारे गोल, हे सगळं तुमच्या हाताखालून जायचं. फोटोत तुम्ही रंगानं माखलेल्या अर्ध्या विजारीत उभे आहात, एक हात विमानाच्या अंगावर, आपली गाय दाखवायला उभ्या राहिलेल्या माणसासारखे. गोल तुमच्या खांद्यामागेच आहे. विमानाचा पंख अंगापासून खाली उतरतो आणि कोपरात वाकवलेल्या हातासारखा परत वर जातो. शेपटीखाली लोखंडी आकडा आहे. जहाजावर उतरताना हा आकडा आडव्या तारेत अडकतो आणि विमान थांबतं, नाहीतर ते सरळ समुद्रात. हे मला आठव्या वर्षी ठाऊक होतं, कारण तुम्ही सांगितलं होतं.

तळावर टाकून दिलेली एक पुस्तिका तुम्ही माझ्यासाठी आणली होती. विमानांच्या काळ्या आकृत्या, आणि मध्ये एकच रंगीत पान, त्यावर सगळ्या देशांचे गोल. तुम्ही नावं बोटानं झाकायचे आणि मी ओळखायची. पुस्तिका हाताशी नसली तर तुम्ही रांगोळीचं पीठ घेऊन स्वयंपाकघराच्या जमिनीवर विमान काढायचे. आत्या चुलीपुढून ओरडायची, “अय्यो, पाय पडेल कीं रे त्यावर! आधीं तें विमान पूस, मग पान मांडतें.” तुम्ही हसत पुसायचे आणि मला म्हणायचे, “सगळें विमान पाहूं नकों. एक वस्तु नजरेंत धर. ती सुटली नाहीं म्हणजे विमान सुटत नाहीं.” आई मला आठवतसुद्धा नाही. माझं घर म्हणजे तुम्ही आणि आत्या. आत्या युद्धातच विधवा होऊन आपल्याकडे आली होती. रिकामं कपाळ, विटकं लुगडं, आणि परका माणूस घरात आला की दाराच्या आत.

युद्ध संपलं, तळ उठला, तुम्ही परत आलात. मग दुकानांच्या पाट्या, तिरुनागेश्वरमच्या उत्सवाचे फलक, दारासुरमच्या विणकरांसाठी चौकटीच्या कागदावर काठांची नक्षी. आठ-नऊ वर्षं असं चाललं होतं. तेवढ्यात एका शाळेत चित्रकलेच्या मास्तरांची जागा निघाली. तुमच्याकडे परीक्षेचा कागद नव्हता, पण सरकारी कामाचा अनुभव असला तर चालेल असं ते म्हणाले. अनुभवाचा दाखला ट्रंकेत वाळवीनं खाल्ला होता. उरला होता हा फोटो. शाळेच्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, घरी येऊन बघतो. तुम्ही लोट्यात निखारे घालून स्वतः सदऱ्याला इस्त्री केलीत. आदल्या दिवशी भिंतीवर कोळशानं एका दमात वाटोळे गोल काढून पाहत होता, फळ्यासमोर हात कापू नये म्हणून. शिडीवर उभं राहून लोकांची नावं रंगवणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसायला मिळणार होतं, मुलं उठून नमस्कार करणार होती. तुम्हाला त्या खुर्चीची किती आस होती ते मला दिसत होतं, अप्पा. ते माझ्या नजरेतून सुटलं असं मी म्हणू शकत नाही.

सकाळची वेळ. सेक्रेटरी ओसरीवर बसलेत, कॉफी उंचावरून ओतून निववतायत. फोटो लांब धरून बघतात आणि तमिळमध्ये म्हणतात, “मोठ्या रस्त्यावरच्या स्टुडिओत विमानाचा पडदा आहे. आमचे जावईही त्यात बसून फोटो काढून आलेत. तुम्ही तर रंगारी, तुम्ही त्याहून चांगला पडदा काढाल.” वाईट बोलले नाहीत ते, थट्टाच करत होते. तुम्हीही हसलात. आणि मग, मला अजून ते आठवलं की कानशिलं तापतात, तुम्ही मोठ्या ऐटीत आत मला लाडाच्या नावानं हाक मारलीत. “अम्मा, भिंग घेऊन ये. विमान कुठलें तें ह्यांना सांग.” तुमच्याकडे कागद नव्हता, साक्षीला तुमची लेक होती.

मी सतरा वर्षांची. नुकतीच शाळेची शेवटची परीक्षा पास झालेली, आणि अख्ख्या गल्लीत माझ्याइतकं शहाणं कुणी नाही अशी खात्री. भिंग धरून मी एकेक सांगत गेले. पंख असा वाकलेला, हे आरमाराचंच. पुढं तीन पात्यांचा पंखा. शेपटीखाली आकडा, जमिनीवरच्या विमानाला तो कशाला लागेल? सेक्रेटरी मान डोलवायला लागले. म्हणाले, “भले! मुलगी फार हुशार आहे हो तुमची.” तुमचा चेहरा असा फुलला होता! तिथं मी भिंग खाली ठेवलं असतं तर त्या वर्षापासून तुम्ही मास्तर झाला असता. पण शाबासकी माझ्या डोक्यात गेली होती आणि मला आणखी अक्कल पाजळायची होती.

“पण,” मी म्हणाले, “पुस्तिकेत ह्या पंखांची टोकं गोल आहेत. इथं ती चौकोनी कापल्यासारखी दिसतायत.” तुम्ही शांतपणे सांगितलंत, “कापलेलींच तीं. पंख मिटून विमान जहाजाच्या पोटांत ठेवतात. इंग्रजांच्या जहाजाचें छत ठेंगणें, म्हणून वीत-वीतभर टोक कापून टाकलें.” सेक्रेटरी खो खो हसले. घरात मावत नाही म्हणून कुणी विमान कापतं का, असं म्हणाले. आणि मीही हसले, अप्पा. तुमच्याकडे बघून हसले. मग पुस्तिकेचं रंगीत पान काढून त्यांच्यासमोर धरलं. “आणि हे बघा. इंग्रजी गोलात मधोमध तांबडं असतं. तांबडं फोटोत काळं उमटतं. इथं मधे नुसतं पांढरं आहे. असा गोल इंग्रजांच्या विमानावर नसतो.” सेक्रेटरींनी भिंग घेतलं नाही. माझ्याच शब्दावर विसंबून म्हणाले, “म्हणजे पडदा काढणारा तांबडा रंग विसरला म्हणायचा!”

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तोंड उघडलंत. तेवढ्यात तुमची नजर दाराकडे गेली, तिथं आत्या दुसरी कॉफी घेऊन उभी होती. तुम्ही तोंड मिटलंत. मग हातातल्या उपरण्याची घडी घालत म्हणालात, “मला आठवत नाहीं.” बस, एवढंच. सेक्रेटरींनी कॉफी संपवली आणि कळवतो म्हणून गेले. त्यांनी काही कळवलं नाही, जागा दुसऱ्याला मिळाली. त्यानंतर तळ्याच्या रस्त्यावरून तुम्ही शिडी घेऊन निघालात की कुणीतरी ‘विमान आलं’ म्हणायचं. तुम्ही ऐकू न आल्यासारखं चालत राहायचे, आणि मी ओळख नसल्यासारखी दुसऱ्या बाजूनं. पुढं सहाएक वर्षांनी तुम्ही गेलात. तोवर आपल्या घरात विमान हा शब्द कुणी काढला नाही.

पुण्यात मी एका ग्रंथालयात कामाला लागले. तिथं कुणीतरी युद्धातल्या फोटोंची पेटी देऊन गेलं आणि ती लावायला आरमारातून निवृत्त झालेले एक गृहस्थ यायचे. एक दिवस त्यांनी वाकड्या पंखाचं विमान माझ्यापुढं ठेवलं. म्हणाले, हे इंग्रजांचं, टोकं कापलेली दिसतायत ना, जहाजाचं छत ठेंगणं होतं त्यांचं. आणि हा गोल बघा, मधलं तांबडं काढून टाकलंय. जपानी विमानांवर तांबडा गोल असायचा. आपल्याच तोफांनी चुकून आपलंच विमान पाडू नये, म्हणून पूर्वेच्या समुद्रावर सगळ्या विमानांचं तांबडं पांढऱ्यानं झाकलं होतं. मी हो हो म्हणत होते. तो फोटो मी टेबलावर पालथा ठेवला.

त्या मे महिन्यात मी कुंभकोणमला आत्याकडे गेले. ती थकली होती, पण जीभ शाबूत होती. तांबडं झाकल्याचं तुम्ही त्या दिवशी का सांगितलं नाही, असं मी तिला विचारलं तेव्हा तिनं मला जवळ बसवून घेतलं. मग म्हणाली, “ज्या महिन्यांत त्यानं विमानांचें तांबडें पुसलें, त्याच महिन्यांत माझें पुसलें गेलें. तार त्याला तिथेंच मिळाली. परत आला तो माझ्यापुढं बसून रडला. म्हणे, अक्का, रोज कुंकूं पुसायचें काम केलें मीं, तें घरीं आलें. मीं म्हटलें, वेड्या, रंग रे तो! पण त्याच्या मनांतून गेलें नाहीं. त्या दिवशीं मी दारांत उभी. त्या परक्या माणसासमोर, मी ऐकत असतां, पुसलें हा शब्द तो कसा काढील? मीच सांगणार होतें. त्यानं माझ्याकडं पाहून नुसती नकों म्हणून मान हालवली.” मग तिनंच विचारलं, “पण तूं तर भिंग लावून पाहात होतीस कीं ग. तुला कांहींच दिसलें नाहीं?”

मी म्हणाले, नाही.

माझ्या मुलीलाही मी ही गोष्ट अशीच सांगितली आहे. लहान होते, पुस्तकी ज्ञान होतं, खरं काय ते ठाऊक नव्हतं. ऐकणाऱ्याला माझी दया येते आणि मी ती येऊ देते. हे पत्र मी तिला दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत न्यायची सोय नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं.

दिसलं होतं, अप्पा. पांढऱ्याखाली पुसटसा गडद गोल होता, कडेनं कुंचल्याचे फराटे होते. तांबडं झाकलंय हे मला भिंगातून स्वच्छ कळलं होतं. का झाकलं ते कळलं नव्हतं, पण ते पडद्यावरचं चित्र नाही, खऱ्या विमानावर कुणीतरी हातानं चढवलेला रंग आहे, एवढं मला त्या क्षणी माहीत होतं. सेक्रेटरींचा ‘भले’ मला आणखी एकदा ऐकायचा होता, म्हणून मी भिंग फोटोवरून बाजूला घेतलं आणि बोलले. त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही मागच्या अंगणात कुंचले धूत बसला होता. मी जवळून जात होते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “वाईट वाटून घेऊं नकों. पाहिलेंस तें सांगितलेंस, बरें केलेंस.”

आणि मी म्हणाले, हो.