साक्षीला दोघं हवीत

मी, सुनीती शशिधर मेणवलीकर, वय ब्याऐंशी, राहणार लेस्टर, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाखाली नसताना, मात्र पुष्कळ चिडलेली असताना हे मृत्युपत्र करते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मजकूर मराठीत आहे, कारण इंग्रजीत मला शिकवता आलं, पण रागावता कधी आलं नाही. माझी सॉलिसिटर रचना वाघमारे याला इंग्रजी भाषांतर जोडेल.

१. माझे पती डॉ. शशिधर सहा वर्षांपूर्वी वारले. आम्हाला दोन मुलं: नील, राहणार रीडिंग, आणि शाल्मली, राहणार पिनर. बाबांच्या अस्थी कुठे सोडायच्या यावरून दोघांचं बिनसलं. नीलचं म्हणणं, बाबा जन्मभर इथल्या हॉस्पिटलात राबले, त्यांना इथल्या सोर नदीतच सोडायचं. शाल्मलीचं म्हणणं, ते वाईचे, त्यांना कृष्णाच हवी. शेवटी माझ्या किचनच्या ओट्यावर दोन सारखे स्टीलचे डबे ठेवून वाटणी झाली. दुसऱ्याकडे जास्त जात नाही ना, हे दोघंही वाकून बघत होती. त्या दिवसापासून ती एकमेकांशी बोललेली नाहीत. मी कोणाची बाजू घेतली नाही आणि घेणारही नाही. माझ्यामागे ती एकमेकांना कायमची परकी होतील, याची मला भीती वाटते. मरणाची वाटत नाही.

२. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक, शशिधर शेवटी ज्या हॉस्पिसमध्ये होते त्या हॉस्पिसला द्यावी. नीलला आणि शाल्मलीला यातलं काहीही मिळू नये. कारण पुढे दिलं आहे, तोवर तोंडं वाकडी करू नका.

३. माझी पुस्तकं. दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली दहा वर्षं हा माझा विषय, आणि विद्यापीठात मी तोच शिकवला. अमेरिका आणि रशिया, कालपर्यंतचे दोस्त, जर्मनीच्या वाटणीवरून त्यांचं असं फिसकटलं की त्यांनी सगळ्या जगाला दोन चुली मांडायला लावल्या. मार्शल योजना, बर्लिनची नाकेबंदी, मग कोरिया. ग्रंथालयाने पुस्तकं नकोत म्हणून कळवलं आहे. ज्याला हवी त्याने न्यावीत, उरलेली रिसायकलिंगच्या डब्यात जाऊ देत. माझे विद्यार्थी मला विचारायचे, यातून आपण काय शिकलो? मी काहीतरी सांगायची. आता सांगते, कोणी काही शिकलेलं नाही. बातम्या लावून बघा.

४. कोरियाचं मात्र मुलांनी पुन्हा ऐकावं. नील लहान असताना मी पेपर तपासत होते, तेव्हा त्याने विचारलं होतं, "आई, तो युद्धबंदी कधी झाला?" मी हसून दुरुस्त केलं. युद्धबंदी 'ती' असते तेव्हा लढाई थांबते, 'तो' असतो तेव्हा पकडलेला सैनिक. पण पोराने नकळत बरोबर बोट ठेवलं होतं. 'तो'च्या पायी 'ती' दीड वर्ष अडली होती. पकडलेल्या माणसांना परत कुठे पाठवायचं, यावर दोन्ही बाजू हटून बसल्या आणि तोवर बाकीचे मरत राहिले. आपलं माणूस कुठे जाणार, यावरच अडतं सगळं. आमच्याकडेही त्यावरच अडलं.

शेवटी पानमुनजोमला दोन जनरल एका खोलीत आले, वेगवेगळ्या टेबलांवर सह्या केल्या आणि एकमेकांशी चकार शब्द न बोलता निघून गेले. तह आजतागायत झालेला नाही, पण तोफा थांबल्या. मला तेवढंही चालेल.

५. इथला कायदा असा, की मी सही करीन तेव्हा दोन साक्षीदार एकाच वेळी माझ्यासमोर हजर हवेत. कोविडमध्ये व्हिडिओवर भागायचं, तेही आता बंद झालं. रचना मला म्हणाली, "काकू, ज्याला विलमध्ये काही मिळणार आहे, त्याला विटनेस ठेवू नका. त्याचा शेअर जातो."

"मग मुलांना काहीच देत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही त्यांना कट ऑफ करताय?"

"नाही गं. एका खोलीत आणतेय."

तेव्हा माझे साक्षीदार नील आणि शाल्मली. दुसरे कोणी मला चालणार नाहीत. बोलायची सक्ती नाही.

दोघांना फोन केले. नील म्हणाला, "ती रूममध्ये असेल तर मी येणार नाही, आई. दिस इज ब्लॅकमेल." शाल्मली म्हणाली, "माझा काय चूक आहे? त्याला आधी सॉरी म्हणू दे." चूक 'माझी' असते, 'माझा' नव्हे, हे मी गिळलं. घर हातचं गेलं, याबद्दल दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. लोभी असती तर बरं झालं असतं. लोभी माणसांशी वाटाघाटी तरी करता येतात.

६. माझ्या अस्थींची वाटणी करू नये. त्या क्रेमेटोरियमच्या बागेतच ठेवाव्यात. मला कुठेही जायचं नाही.

वरचा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला आहे आणि तो मला मान्य आहे.

सही: सुनीती शशिधर मेणवलीकर
लेस्टर, रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार: शाल्मली मेणवलीकर, पिनर. सही केली.
साक्षीदार: नील मेणवलीकर, रीडिंग. सही केली.

रचना, हे तुझ्यासाठी. शाल्मली आधी आली. नीलची गाडी वळताना दिसली तशी घाईने सही करून मागच्या दाराने गेली. तो दारातच "गेली ना?" असं विचारून आत आला. सह्या दोन आहेत, पण दोघं एकत्र नव्हती, म्हणजे हे मृत्युपत्र रद्द, एवढं मला कळतं. दुसरं करणार नाही. कायद्याने सगळं दोघांना निम्मं निम्मं जाईल, आणि तेही दोन वकील आपसात पत्रं पाठवून उरकतील.

निघताना नील म्हणाला, "झालं ना आई, दोन्ही सिग्नेचर्स मिळाल्या? आता हॅपी?"

मी हो म्हटलं.