सासूबाईंचं चालणं

२ फेब्रुवारी

भूमिका मिळाली! पण म्हातारीची. पडदा उघडल्यावर ती दारापासून खिडकीपर्यंत चालते, खिडकी लावते, परत येते. बराच वेळ एक शब्दही नाही. दिग्दर्शकांनी माझं चालणं बघितलं आणि म्हणाले, "ही म्हातारी नाही. ही काठी घेतलेली तरुण बाई आहे." तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी आले तर समोर सासूबाई, स्वयंपाकघरातून खोलीकडे निघालेल्या. उजव्या गुडघ्याने वर्षभर छळलंय त्यांना. म्हटलं, आयतंच घबाड!

५ फेब्रुवारी

लपूनछपून बघतेय. मला वाटायचं, दुखऱ्या पायापासून माणूस दूर झुकतो. स्टेजवर आम्ही सगळे तसंच करतो. सासूबाईंचं उलटंच! दुखतो उजवा पाय आणि अंग टाकतात उजवीकडेच. पाऊल टेकलं की खांदा त्याच्यावर कलतो, आणि डावं पाऊल घाईघाईने पुढे. काठी मात्र डाव्या हातात. ती उजव्या हातात का नाही?

विचारलं, "आई, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवायचंय काय त्यात? जसं जमेल तसं जातेय." आणि वर, "बघत काय उभी राहिलीस, ती बादली उचल."

९ फेब्रुवारी

नवरा म्हणतो, "आईला दुखत असेल गं, पण ती थोडं वाढवतेसुद्धा." त्याचंही काय चुकलं म्हणा. गुडघ्याच्या एक्स-रे फोटोत झीज आहे, पण वयाच्या मानाने बरीच कमी. इंजेक्शनं झाली, पट्टा झाला, शेक झाला. काडीचा फरक नाही. औषधाला दाद न देणारं दुखणं घरच्यांना हळूहळू नाटक वाटायला लागतं. सासूबाईसुद्धा काल म्हणाल्या, "सवयच लागलीय बाई मला कण्हायची." बागेतल्या बाकावर मैत्रिणी जमतात, तिकडे जाणं कधीच बंद झालंय.

पण नाटक म्हणजे काय ते मला कळतं! खोटं लंगडणारा विसरतो. फोन वाजला की विसरतो, कुणी बघत नसलं की विसरतो. आज सासूबाई घरात आपण एकट्याच आहोत असं समजून कपडे वाळत घालत होत्या. मी दारामागे. प्रत्येक पावलाला तोच खांदा, तेवढाच कलला. एकदाही चूक नाही. इतकं चोख काम माझ्याकडून जन्मात व्हायचं नाही.

१४ फेब्रुवारी

तालीम करून करून पाठ धरली. भोगा आता.

१६ फेब्रुवारी

आज भलतंच घडलं.

पाठीसाठी फिजिओबाईंकडे गेले. म्हणाल्या, "तालमीत चालता तसं चालून दाखवा." चालले. "पुन्हा." पुन्हा चालले. त्या खुर्चीतून उठून माझ्या मागे आल्या.

"कुणाचं उचललंत हे?"

"सासूबाईंचं. गुडघा गेलाय त्यांचा."

"हे गुडघ्याचं नाही वाटत हो मला. खुब्याचं वाटतंय!"

मग सरबत्तीच सुरू. पायाची नखं कापायला वाकतात? – नाही, मीच कापून देते. गाडीत बसताना? – पाय हाताने उचलून आत घेतात. हे सगळं तर रोज डोळ्यांसमोर होतं!

त्यांनी समजावलं. एका पायावर भार आला की कंबर तोल सोडू नये म्हणून खुब्यापाशी स्नायू ओढ धरतात. त्या ओढीने सांध्यावर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट दाब पडतो. अंग त्याच बाजूला कललं की ओढ कमी, दाब कमी, कळ कमी. विरुद्ध बाजूच्या हातातली काठीही तेच काम करते. आणि खुब्याची कळ कधीकधी नुसती गुडघ्यातच जाणवते!

म्हणजे डॉक्टरांना, आम्हाला, खुद्द सासूबाईंना ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या शरीराने सगळं गणित परस्पर सोडवून टाकलं होतं. परत येताना रस्त्यात हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

२० फेब्रुवारी

गुडघ्यावर उपचार करणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनीच आता खुब्याचा फोटो काढला. डाव्या बाजूला मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची खोबण यांच्यात छान काळी फट. उजवीकडे फटच नाही, हाडावर हाड. डॉक्टर म्हणाले, "मीसुद्धा गुडघ्यातच अडकून पडलो." सरळ कबूल केलं, बरं वाटलं.

निघताना खाली बसून नवऱ्याने आईच्या पायात चपला चढवल्या. सासूबाई ओरडल्या, "अरे, लोक बघतायत!"

११ मार्च

ऑपरेशन झालं, खुब्याचा सांधा बदलला. संध्याकाळी लगेच उभं केलं! सासूबाई घाबरल्या, त्यांच्याहून मी जास्त.

२४ एप्रिल

कळ गेली, तरी खांदा कलायचा काही थांबेना. फिजिओबाई रागावतात, "आता दुखत नाही ना? मग झुकता कशाला?" सासूबाई म्हणतात, "मी कुठे झुकतेय, अंगच झुकतंय!" आरशासमोर रोज सराव. आज पहिल्यांदा बागेतल्या बाकापर्यंत सरळ चालत गेल्या. मी मागून बघत राहिले. ती जुनी चाल आता फक्त माझ्या अंगात उरलीय.

१० मे

काल पहिला प्रयोग. सासूबाई तिसऱ्या रांगेत. संपल्यावर रंगपटात आल्या, काठीशिवाय. वाटलं, आता चिडतील, नाहीतर हसतील. माझा रंग उतरवून होईपर्यंत थांबल्या. मग हळूच विचारलं, "इतकं दुखत होतं का गं मला?"