पिठाची शीग

आई,

काल दहा किलो पापड मी परसात खड्डा खणून पुरले. गाईपुढे टाकले होते आधी, तिनेही हुंगून तोंड फिरवलं. माझ्या जिभेवर तो साबणासारखा कडवटपणा अजून आहे, दोनदा दात घासले तरी जात नाही. शी! आणि पाकिटांवर आम्ही छापून घेतलंय काय, तर ‘आईच्या हातची चव’.

तुला जाऊन बारा वर्षं झाली. आमच्या पेणच्या बचत गटाला यंदा पोह्याच्या पापडांची पहिली मोठी ऑर्डर मिळाली, तेव्हा तुझं प्रमाण लिहिलेली वही मी मोठ्या तोऱ्यात काढली. चौघींची भिस्त त्या ऑर्डरवर. एकीचा नवरा डोलवीच्या कारखान्यात ठेक्यावर होता, तो दोन महिने घरी बसलाय. वहीत सगळं ग्रॅममध्ये, माझ्या सुवाच्य अक्षरात.

ती वही लिहिली तो दिवस लख्ख आठवतो. रोह्याचं आपलं स्वयंपाकघर, तू पाटावर, पुढ्यात लोखंडी मापटं आणि मी पेणहून मुद्दाम आणलेला वजनकाटा. तू मापट्यात पीठ भरतेस, कडेवरून घरंगळेपर्यंत वर शीग लावतेस. मी उलथन्याने ती शीग सपाट करते आणि मगच मापटं काट्यावर ठेवते.

“अगो, शीग काय काढतेस? पीठ शिगेचंच घ्यायचं. पापडखार नि मीठ तेवढं सपाट.”

“माप म्हणजे माप, आई. शिगेला काय वजन असतं?”

तू आपल्या पद्धतीने पीठ मळलंस, लाटी मोडून तोंडात घातलीस, बोट चाटलंस आणि तोच हात परत पिठात. शेजारच्या दोघी लाटायला आल्या होत्या. त्यांच्यादेखत मी म्हणाले, “शी! किती घाण करतेस!” तू उठून हात धुतलास. त्यानंतर माझ्यासमोर तू कधीच पीठ चाखलं नाहीस.

म्हणून आमच्या गटातही तोच नियम, मीच केलेला: हातमोजे घालायचे, कुणी चाखायचं नाही. सगळे पापड वाळले, मग एक तळला. लालभडक. आमच्यातल्या थोरल्या बाईंनी तुकडा तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. “अगो, जीभ पोळली माझी! खार किती घातलास?”

पुरून आल्यावर माळ्यावरून तुझं मापटं काढलं. पीठ भरलं, शीग लावली, वजन केलं. जवळजवळ पाव हिस्सा पीठ नुसत्या शिगेत होतं; वहीत तेवढं पीठ कमी, खार मात्र पूर्ण. माझ्या त्या शहाणपणाची मला इतकी किळस आली की वही तिथेच टराटरा फाडली.

आज नवं पीठ मळलं, शिगेच्या मापाने. खार बरोबर पडलाय की नाही, काटा सांगेना. बायका चहाला बाहेर गेल्यावर मी हातमोजा काढला, लाटी मोडून तोंडात घातली, बोट चाटलं आणि तोच हात परत पिठात घातला.

त्यांना सांगितलेलं नाही. हा कागदही घडी करून तुझ्या मापट्याखाली ठेवणार आहे. मला वाटलं होतं, किळस येईल. नाही आली.