गफ्फारच्या हाती दिलेली गोधडी

मुंबई, परळ

प्रिय शेषराव यास,

माझा नमस्कार. चौथीत मास्तरनं कान पिरगाळले तरी अक्षर वाकडं ते वाकडंच राह्यलं, वाचून घे.

गाठीच्या प्लेगची साथ आली, तरी गिरणी सुरूच हाये. सेठ बायकापोरं घेऊन हवेच्या गावी गेला, अन् मुकादम म्हणते, गाठ आली त्यानं सांगावं, बाकीच्यांनी माग चालवावे. आमच्या खोलीत माणसं इतकी, की एक पाळी उठली की दुसरी त्याच अंथरुणात शिरते. माझ्या गोधडीत दिवसा मी अन् राती शालिग्राम झोपे, आपल्या जळगाव जामोदचा. हसून म्हणे, गोधडी कधी थंडच होत नाही बे, आपण नवराबायकोच झालो.

मागं धान्याच्या डब्याआड उंदीर मरून पडला. आपल्याकडे उंदीर पडला की सारं गाव शेतात झोपड्या टाकते. इथं शेत कुठून आणू? सरकारी माणसाले सांगितलं असतं तर खोलीले कुलूप, आमची रवानगी छावणीत, अन् रोजी बुडाली. म्हणून सारे गप्प. शेपटीनं धरून गटारीत टाकला. वाटलं, बला गेली. आतून मात्र सारेच भ्याले. नांदुऱ्याचा कापूस ज्या रुळावरून इथं येते, त्याच रुळावरून माणसं वळकट्या घेऊन परत पळून राह्यली.

आपल्या सोनाळ्याचा गफ्फारही निघाला. म्हणे, चाल माझ्यासंग, काऊन मराले राह्यतं इथं? नांदुऱ्याले बहिणीकडे, जहांआराकडे, थोडं थांबून मग सोनाळ्याले येणार होता. त्याच्या हाती मी गोधडी बांधून देल्ली. टाके उसवले होते, अन् तुझ्या वहिनीसारखे टाके इथं कोण घालते? त्यात मायचं हिरवं लुगडं हाये, म्हणून टाकवत नव्हती.

तो गेला, अन् दुसऱ्याच दिवशी शालिग्रामच्या जांघेत गाठ निघाली. काल तो सरला. मी सारखा काखेत, जांघेत हात लावून पाहतो. काही नाही. बसवत नाही, उभं राहवत नाही. गाडी धरून पळत यावं वाटते, पण कसा येऊ? त्याच गोधडीतला मीही.

टपाल गफ्फारच्या आधी पोचेल, म्हणून लिहून राह्यलो. त्याले वेशीबाहेरच अडव. काही दिवस शेतात राहू दे. शिव्या देईल, देऊ दे. वळकटी कोणाले उघडू देऊ नको, काठीनं ओढ अन् जाळ. घरात गेली तर तुझी वहिनी ती आधी पोरीच्या अंगावर घालील, मी ओळखतो तिले. पण शेषराव, आपल्याकडे अंथरूण मेलेल्याचंच जाळतात. धूर दिसला तर ती बांगड्या फोडाले बसेल. तर आग लावायच्या आधी तिच्याकडे जा. सांग, निवृत्ती जिता हाये, कुंकू पुसू नको. नाही पटलं तर हे पत्र तिच्या हाती दे. वाचता येत नाही तिले, पण हे वाकडं अक्षर कोणाचं, ते ती ओळखते.

तुझाच, आजपावतो धडधाकट,
निवृत्ती