माझी जीभ आणि चार पुड्या

मंगळवार, ३ तारीख
मुलानं ऑफिसच्या टूरवरून काळ्या चहाच्या चार पुड्या आणल्या. देश एकच, मळे चार ठिकाणचे: उंच डोंगर, टेकड्या, खोरं, समुद्रकाठ. दूध न घालता प्यायचा म्हणे. आजारी माणसासारखा.
सूनबाई म्हणाली, आई, तुमच्या हातचा चहा उकळून काढा होतो, उद्यापासून सकाळचा मी करते. अडतीस वर्षं हा गॅस माझा! मी म्हटलं, रविवारी डोळे बांधून चारही ओळखू. जिंकेल तिचा गॅस. मुलगा हसला. हसू दे.

बुधवार, ४
सराव सुरू. एक नंबर कडक. दोन कडक. तीन कडकच, पण वेगळा. चार नंबरच्या वेळी फोन आला, निवला.
संध्याकाळी लक्षात आलं, दूध-साखर घातल्याशिवाय चव उघडत नाही. आता चारही छान लागतात. फरक बारीक आहे, मलाच कळतो.

गुरुवार, ५
अकरा कप. हात थरथरतोय, म्हणून अक्षर असं. हवा बदललीय.
हे म्हणाले, आज फार बोलतेस. म्हणजे यांना ऐकू येतं तर!

शुक्रवार, ६
शेजारणीला पाजला. तिनं विचारलं, कुठला? म्हटलं, खोऱ्यातला. पुडी समुद्रकाठची निघाली. छापणाऱ्याला अक्कल नाही.
उद्यापासून फक्त दोन कप.

शनिवार, ७, दुपारी ३
नऊ कप. चारही पुड्या रिकाम्या. मापच कमी दिलंय मेल्यांनी.
डोकं चालवलं. घरातली रोजची पावडर चारही पुड्यांत भरली. कागदात मूळचा वास मुरलेला असतो. तयार जिभेला तेवढा पुरे.

रविवार, ८
मुलानं चहा केला, कपांच्या बुडाला नंबर चिकटवले. आधी मी. पहिल्यात धुकं आहे म्हटलं, म्हणून उंच डोंगर. दुसऱ्यात खारा वारा. तिसरा खोऱ्यातला, जरा आळशी. चौथा टेकडी चढून दमलेला. एक बरोबर आला! आनंद तोंडावर दिसू दिला नाही.
मग सूनबाई. चारही कपांतला एकेक घोट घेतला, रुमाल सोडला आणि म्हणाली, हा सगळा आपल्या डब्यातलाच चहा आहे. ह्यांनी चारही कप चाखले आणि तिच्या बाजूनं मान हलवली. मुलानं डबा उघडला. परवाच भरलेला, तळ दिसत होता.
मी म्हटलं, उंदीर.
कोणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

सोमवार, ९, सकाळी ६
आत भांडी वाजतायत. उठले नाही. तिचा गॅस, तिनं बघावं. आजपासून मी चहाच सोडला.

६.१०
पलंगापाशी कप ठेवून गेली. पाणचट असणार.

६.१५
पाणचट नाही.

६.४०
दुसरा हवा असला की आता हाक मारावी लागते.
मारली.